तोमोलोकला हाक

"माझ्याकडून काही उलगडत नाही हा. तूच हाक मार बाई," आजोबा म्हणाले.

ओसरीवर तोमोलोक काट्यांचा चेंडू होऊन पडला होता. अक्रोड सोलून काळे झालेले हात बुरुलायने झग्याला पुसले. त्याला उलगडायची विद्या अख्ख्या गावात तिला एकटीलाच येत होती, आणि ती मिरवायला तिला आवडायचं.

हा हेजहॉग आजोबांनीच वसंतात रानातून टोपीत घालून आणला होता. "तुझ्यासाठी गं," म्हणाले होते. गोल गरगरीत म्हणून तिने त्याचं नाव तोमोलोक, म्हणजे गोलू, ठेवलं. त्याला किडे शोधून दिले, उकडलेलं अंडं दिलं, मटणाचे बारीक तुकडे दिले. दूध मात्र कधी दिलं नाही. दुधाने त्याचं पोट बिघडतं. थंडीभर झोपायच्या आधी तो लठ्ठ व्हायला हवा, नाहीतर पुन्हा जागा होत नाही. आजोबाही रोज विचारायचे, "अंगाने भरला का गं?" घरात निदान एकाला तरी त्याची काळजी आहे, असं तिला वाटायचं.

आज त्याला पेंढ्याच्या खोक्यात निजवायचं असणार. तिने जीभ टाळूला लावून टॉक टॉक केलं. "तोमोलोक, ये बाळा."

काटे आडवे झाले. ओलं नाक बाहेर आलं आणि तिची बोटं हुंगू लागलं.

तेवढ्यात आजोबांनी मऊ पोटाखाली हात घालून त्याला उचललं. त्यांच्या दुसऱ्या हातात सुरी होती.

"आजोबा?"

"मिटला की सुरी शिरत नाही याच्यात, म्हणून तुला हाक मारायला लावली. याच्या रश्शाने छाती मोकळी होते. दवाखान्याच्या गोळ्यांनी सहा महिने काय दिवे लावले?"

"तुम्ही मला दिला होतात तो."

"तुलाच दिला ना. मी काय माझ्यासाठी आणला?"

"माझा खोकला गेलाय आता," ती म्हणाली, आणि तेवढं बोलण्यानेच उबळ आली. ती ओणवी होऊन खोकत राहिली. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून तिला त्यांचा आणखीच संताप आला.

मिटला तर वाचेल, एवढंच तिला सुचलं. साधं भांडं पडलं तरी हा चेंडू व्हायचा. ती घसा फाटेपर्यंत ओरडली, "मीट! मीट, मेल्या!"

तोमोलोकने कान टवकारले. आवाज ओळखीचा होता. आजोबांच्या मुठीतून त्याने मान लांब केली, आणि तिच्याकडे नाक करून तो होता त्याहून जास्तच उलगडला.