दुपारचं लुगडं

दार पुन्हा वाजलं.

"रंगू, ए रंगू. भर दुपारची कडी लावून काय करतीस गं? अंडी उबवतीस व्हय?"

शेजारची तानुबाई होती. रंगुबाई कोपऱ्यात अंग चोरून बसली. वैशाखाचं ऊन आणि अंगावर घोंगडं. घामानं लोकर चावत होती. घोंगड्याच्या आत काहीच नव्हतं.

लढाईचं पाचवं वर्ष चाललं होतं. कापड रेशनवर, आणि रेशनच्या दुकानात कापड नाही. नवरा मेंढरं घेऊन कोकणात गेलेला. रंगुबाईकडं एकच धड लुगडं उरलं होतं, आणि ते या घटकेला परसात, टोमॅटोच्या वाफ्यावर चार काठ्यांना ताणून बांधलेलं होतं. उन्हाचा तडाखा बसला की टोमॅटोची फुलं गळतात. गळल्या फुलाला फळ कुठून धरणार? कडबा जनावरांनी कधीच संपवला होता. घोंगडं बांधून पाहिलं, तर त्याच्या ओझ्यानं काठ्या वाकल्या आणि दोन रोपं मोडली. म्हणून रोज ऊन चढलं की लुगडं रोपांना आणि घोंगडं तिला. उन्हं कलेपर्यंत ती आपल्याच घरात कैदी. विट्याच्या दुकानदारानं कबूल केलं होतं, लष्करी छावणीसाठी दोन पाट्या टोमॅटो आण, मागल्या दारानं नवं लुगडं देतो.

"मावशी, बरं वाटंना मला. मागनं या."

पावलं दारापासून हलली, पण परसाकडं गेली. सांजेपर्यंत पाणवठ्यावर सगळ्यांना कळणार, रंगी दुपारची उघडी बसते.

पावलं परत आली. आवाज खाली आला होता.

"बघितलं म्या. घटकाभर ते लुगडं देतीस का गं? आमचा केरबा आज पल्टणीत माघारी निघालाय. सून गेलीया त्याला मोटारीपतूर घालवायला. आमच्या दोघीत एकच हाय."

"मग तुमी आलासा कशा?"

"वाकळ गुंडाळून. तुझ्या दारापतूर चालतंय. मोटारीवर अशी गेले तर पोरगं खाली मान घालंल."

रंगुबाईच्या डोळ्यांपुढं कालच उमललेली पिवळी फुलं आली. एक दुपार उघडी पडली की संपलं.

"फुलं गळतील, मावशी. उन्हं कलल्यावर न्या की."

"मोटार थांबंल व्हय माझ्यासाठी?"

रंगुबाईनं घोंगडं आणखी आवळून घेतलं. बाहेर तानुबाई दारापासून वळली.

"बरं. ऱ्हाऊ दे."

रंगुबाईनं परसाकडच्या फटीला डोळा लावला. वाकळीत गुरफटलेली तानुबाई वाफ्यापाशी थांबली होती. तिनं लुगड्याला हात घातला. आता ओढून नेणार. नेलं तरी रंगुबाईला असल्या अवतारात आडवं जाता येणार नव्हतं.

वाऱ्यानं लुगड्याचं एक टोक सुटून फडफडत होतं. तानुबाईनं ते काठीला पुन्हा बांधलं, ओढून पाहिलं, आणि मोटारीच्या वाटेला न लागता ती आपल्या घराकडं वळली.

रंगुबाई घोंगडं छातीशी आवळून भर उन्हात बाहेर आली. "मावशी, थांबा," म्हणत तिनं तीच गाठ आधी सोडली.