सभापतींचं मत

"बिर्याणीच्या देगचं झाकण आज मी सांगेन तेव्हाच निघेल," असं म्हणून कुबराने झाकणावर दगड ठेवला आणि शेजारीच बैठक मारली.

बकरी ईदचा दुसरा दिवस होता. आखातात, महबूलाच्या किनाऱ्यावर, नोकरीसाठी आलेली रत्नागिरीकडची घरं जेवायला जमली होती. दरवर्षी जेवणाआधी क्रिकेट व्हायचं. यंदा पुरुषांनी विधानसभा मांडली होती. मुंबईहून आगबोटीने आलेल्या वर्तमानपत्रात बातमी होती. आईच्या जिवाला धोका असेल तर डॉक्टरला गर्भ पाडायची मुभा द्यावी, असा कायदा आणायचा विचार तिकडे चालू होता. तिकडे मंजूर होईल तेव्हा होवो, इथे वाळूवर आजच व्हायचा होता.

सभापती होता कमाल, कुबराचा जावई. त्याचं नाव कुबरानेच सुचवलं. मीना अल-अहमदी बंदराच्या धक्क्यावर खलाशांना हाका मारून त्याचा आवाज मोठा झालाय, हे कारण सगळ्यांना पटलं. बसायला उलटा खोका होता आणि हातोडा म्हणून आपटायला कालथा.

कुबराची मुलगी मुनिरा देगजवळ बसली होती. दोन मुली पदरात. दुसरीच्या वेळी ती मरता मरता वाचली होती, आणि आता पुन्हा धोका पत्करू नका, असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. कमालच्या डोक्यातून मुलगा जात नव्हता. मागच्या आठवड्यात कुबराने त्याला मुनिराला दिवस गेल्याचं सांगितलं, तर त्याने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. बाजारात जाऊन जरीची इवलीशी टोपी घेऊन आला. डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं की म्हणायचा, "अल्ला मालिक," आणि ड्युटीवर निघून जायचा.

विधेयक वाचून झालं. मजीद उठला. हा मजीद चहाच्या पेढीवर बसायचा आणि स्वतःला वकील समजायचा.

"माझी एक दुरुस्ती आहे. डॉक्टर सांगो, बायको सांगो, नवऱ्याने हो म्हटल्याशिवाय काय व्हायचं नाय. असं कलम घाला."

पुरुषांनी बाकं वाजवावीत तशी वाळू थोपटली.

"बायकांची मतं मोजणार ना?" कुबराने बसल्या जागेवरून विचारलं.

"कुबराखाला, विधानसभेत बायकांचं काय काम?"

"बाळंतपणात तुमचं काय काम असतं रे? दाराबाहेर बिड्या ओढता. तरी कायदा करायला बसलात ना?"

"तुम्ही जेवणाचं बघा, खाला."

"तेच बघतेय. दगड ठेवलाय."

वारा देगकडून विधानसभेकडे वाहत होता. मजीदने नाक वर करून वास घेतला आणि बायकांना मत देण्यास हरकत नसल्याचं जाहीर केलं.

तेवढ्यात दुपारच्या, जोहरच्या नमाजाची वेळ झाली. कामकाज थांबलं. पुरुष पाण्याकडच्या बाजूला उभे राहिले, बायकांनी मागे चटया पसरल्या. मुनिरा उठली नाही.

"देगकडे कोणीतरी पाहिजे," कुबरा म्हणाली आणि नमाजाला गेली.

परत आल्यावर मजीदची बायको रबिया मुनिराजवळ टेकली. तिचं तान्हं मांडीवर झोपलं होतं. मुनिराने गरम पाण्याची बाटली दुपट्ट्याखाली पोटाशी धरली होती.

"सकाळपासून दुखतंय गो?"

मुनिराने मान हलवली.

"बघा सभापती, बायकोचा चेहरा बघा," रबिया ओरडली. "सुकलेली भेंडी झालीय नुसती."

कमालने बघितलं. मग तो कालथ्याने वाळू उकरू लागला.

मजीदच्या कलमावर हात वर झाले. रबियाने नवऱ्याकडे बघून हात वर केला, कुबराकडे बघून खाली घेतला.

"हे काय?" मजीद म्हणाला.

"खांदा दुखतो माझा."

इकडचे हात आणि तिकडचे हात सारखे भरले. पुन्हा मोजले, तरी सारखेच.

"आता सभापतींचं मत," मजीद म्हणाला. "कमाल, पुरुषांची लाज राख."

कमाल खोक्यावरून उठला. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण पहिले शब्द कोणाला ऐकूच गेले नाहीत.

"मोठ्याने बोल रे," कुबरा म्हणाली. "जहाज लांब आहे."

"माझ्या घरी दोन मुली आहेत," कमाल म्हणाला. "त्यांच्या वेण्या मुनिरा घालते. मी एकदा घालून बघितल्या, दोघी रडत मदरशात गेल्या. मुनिरा नसली तर मी मुलगा घेऊन काय करू?" त्याने कालथा आपटला. "कलम रद्द. जिचा जीव, तिनेच ठरवायचं. माझ्या घरातही."

बायकांनी वाळू थोपटली. मजीदने सभात्याग केला आणि देगजवळ जाऊन बसला.

कमालने खिशातली जरीची टोपी काढली, रबियाच्या तान्ह्याच्या डोक्यावर घातली. मग मुनिरासमोर उकिडवा बसून म्हणाला, "तू म्हणशील तसं. आत्ता, आणि यापुढेही. दोन पुष्कळ झाल्या."

मुनिराने त्याच्या बाहीवरची वाळू झटकली.

कुबराने दगड उचलला. बिर्याणीची वाफ निघाली आणि विधानसभा ताटं घेऊन धावली. कमालने दोनदा मागून घेतलं. रबियाचा खांदा बरा झाला, ती वाढायला उठली. मुली बापाभोवती नाचत होत्या आणि तो त्यांच्या रिबिनी सोडून पुन्हा बांधायला बघत होता.

असरच्या नमाजाला बायका पुन्हा चटयांकडे निघाल्या. मुनिरा देगजवळच राहिली. कुबरा वाकून तिच्या बाटलीत गरम पाणी भरू लागली.

"अम्मा, पोट फार दुखतंय गो."

"दुखणारच," कुबरा हळूच म्हणाली. "पाळीचा पहिला दिवस ना तुझा."