टायरवरचा गुडघा

जाण्याच्या आदल्या दिवशी बाबा डोंगरात चालणाऱ्या चारचाकी एटीव्हीचा फाटका टायर मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते आणि शेजारी मी पुस्तक वाचत होते. ते म्हणाले, "टायरच्या नक्षीला सगळेच भुलतात. पण डोंगरातला दगड टायर बाजूने फाडतो. म्हणून घेताना बाजूवर गुडघा रोवून बघायचा. दबला तर ठेवून द्यायचा." मी मान वर न करता हुंकार भरला. "वाच तू. मी आपला भिंतीशी बोलतोय," ते हसून म्हणाले. सकाळी ते उठलेच नाहीत. महिन्याभराने काका म्हणाले, "दादाची एटीव्ही विकून टाक, डोंगरावरच्या मधाच्या पेट्याही. ती वाट तुझ्याच्याने व्हायची नाही." पण थंडीआधी पेट्या खाली आणल्या नाहीत, तर माश्या मरणार होत्या. मी थेट टायरचं दुकान गाठलं. दुकानदाराने खोल नक्षीचा, रुबाबदार टायर पुढे केला. "हा न्या ताई, चिखलात रणगाडा आहे." "माझ्या वाटेवर दगड आहेत," म्हणत मी तो आडवा पाडला आणि त्याच्या बाजूवर गुडघा रोवला. तो दबला. दुसराही दबला. "अहो, टायर आहे तो, गादी नाही," दुकानदार म्हणाला. मग मी कोपऱ्यातला धुळकट, साध्या नक्षीचा टायर ओढला आणि त्याच्यावर सगळा भार टाकला. तो जराही दबला नाही. "असे चार द्या," मी म्हटलं. गुडघा मात्र उचलवेना. दुकानदारासमोरच मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, मी ऐकत होते. सगळं ऐकत होते."