शिट्टी कुणाची?

शिट्टी ओठांपर्यंत गेली होती, तेवढ्यात भाच्यानं मावशीचा हात धरला. "वाजवू नकोस," तो धापा टाकत म्हणाला. रस्त्याच्या कडेला शाळेची पोरं रांग लावून उभी होती आणि समोरून वाहनं सुसाट चालली होती. मावशीला वाटलं, याचं डोकं फिरलंय.

डोकं ठिकाणावर होतं. भाचा वकील होता आणि मावशीच्या संस्थेचं कायद्याचं काम फुकटात बघत होता. संस्था म्हणजे मावशी आणि तिच्यासारख्याच काही निवृत्त बायका. सकाळी या चौकात उभं राहायचं, शिट्टी फुंकायची, वाहनं थांबवायची आणि पोरांना पलीकडे न्यायचं. मावशीनं जन्मभर शाळेत खेळ शिकवलेला. तिच्या शिट्टीला ट्रकवालेसुद्धा वचकून असत. सगळी वस्ती तिला शिट्टीमावशीच म्हणायची. आणि काल संध्याकाळी नगरपालिकेच्या निवडणुकीतल्या एका उमेदवाराला चिन्ह मिळालं होतं, शिट्टी.

भाच्यानं तिथंच फूटपाथवर नियम समजावला. सेवाभावी संस्थेनं प्रश्न मांडावा, चौकात सिग्नल मागावा, त्यासाठी अधिकाऱ्यांकडे खुशाल खेटे घालावेत. पण कुणा उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, आणि केल्यासारखं दिसायचंही नाही. तक्रार झाली तर नोंदणी जाईल. नोंदणी गेली की चौकात उभं राहायची परवानगीही गेली.

"अरे, मी कुणाकडे बोट तरी दाखवतेय का? मी नुसती फुंकते."

"त्याच्या पत्रकावर तेच छापलंय, मावशी. शिट्टी वाजवा."

मावशीनं शिट्टी पर्समध्ये टाकली. राग तर आलाच, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. जगात एवढ्या वस्तू पडल्या असताना या माणसानं शिट्टीच का घेतली? आपल्या नावावर मतं लाटायला, दुसरं काय, असं तिनं ठरवून टाकलं. तरी त्याला गाठून तोंडावर विचारावं असं फार मनात होतं. भाच्यानं तीही वाट बंद केली. निकाल लागेपर्यंत त्या माणसाशी चकार शब्द बोलायचा नाही, लोक भलतंच काही म्हणतील.

शिट्टीविना चौक कुणाच्या बापाचं ऐकेना. हात वर केला तर लोक तिलाच हात करून पुढे जात. ओरडून ओरडून घसा बसला. घरातली घंटा आणली, तर ती दुसऱ्या उमेदवाराचं चिन्ह निघाली. छत्री आडवी धरली, तर ती तिसऱ्या एका उमेदवार बाईचं. मग एका सकाळी एक स्कूटर एका मुलीच्या दप्तराला घासून गेली. मुलगी रडली नाही, मावशीच रडली. त्या दिवशी ती घरी न जाता थेट भाच्याच्या ऑफिसात जाऊन बसली.

"काय चालत नाही ते कळलं," बसलेल्या घशानं ती म्हणाली. "आता काय चालतं ते सांग."

भाच्यानं पुस्तक चाळलं, डोकं खाजवलं, पुन्हा चाळलं. सगळ्यांना सारखं वागवलं तर चालतं, तो म्हणाला. सगळ्यांना बोलावता येतं, एकच प्रश्न सगळ्यांना विचारता येतो.

मावशीनं सगळ्यांना बोलावलं. ठिकाण हाच चौक, वेळ शाळेची, प्रश्न एकच: इथे सिग्नल कधी बसणार? रोज एकानं यायचं, चिन्ह घरी ठेवून. घंटावाला आला म्हटल्यावर छत्रीवालीला यावंच लागलं. दोघांच्याही मागे कार्यकर्त्यांचा घोळका होता. घोळका रस्त्यात उभा राहिला की वाहनं आपसूक थांबत आणि पोरं मजेत पलीकडे जात. घंटावाल्यानं भाषण ठोकलं. छत्रीवालीनं पोरांबरोबर फोटो काढून घेतले. मावशी मनातल्या मनात हसत होती.

शिट्टीवाला मात्र एकटाच आला. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं, हाताला ग्रीस तसंच. मागे घोळका नाही म्हणून वाहनंही थांबेनात. मग तोच दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, शिव्या खाल्ल्या आणि शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत हलला नाही. सिग्नल कधी, यावर तो एवढंच म्हणाला, "मला माहीत नाही. विचारत राहीन." मावशीच्या जिभेवर तिचा प्रश्न आला होता. तिनं तो गिळला.

निवडणूक झाली. घंटावाला जिंकला, सायकलवाला सपशेल आपटला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मावशीनं शिट्टी बाहेर काढली आणि अशी फुंकली की ट्रक जागच्या जागी थबकले. उमेदवारांपैकी कुणी फिरकणार नाही हे तिनं धरलंच होतं. पोरं पलीकडे गेली, तेव्हा समोरून सायकलवाला आला. हातात कापडी पिशवी होती.

मावशीला आता कुणाची बंदी नव्हती. "शिट्टीच का घेतलीत?" तिनं नमस्कारही न करता विचारलं.

"मी कुठे घेतली?" तो म्हणाला. "सायकलचा धंदा माझा, मी घंटा मागितली होती. ती मागणारे दोघं निघालो, चिठ्ठ्या टाकल्या तर त्या निवडून आलेल्यांची निघाली. माझ्या वाट्याला ही उरली."

मावशी ओशाळली. इतके दिवस ती या माणसाला मनातल्या मनात चोर म्हणत होती. त्यानं पिशवी उघडली. आत शिट्ट्याच शिट्ट्या होत्या, प्रचारात वाटायला बनवलेल्या. बऱ्याच उरल्यात, तुमच्या बायकांना चालतील का, असं त्यानं चाचरत विचारलं.

एवढ्या दिवसांत नियम मावशीच्या अंगात मुरला होता. तिनं एक शिट्टी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. एका बाजूला अंगठ्याला खरखरीत लागलं.

"इथे काय झालंय?"

"तिथं माझं नाव होतं," तो म्हणाला. "सगळ्यांवरचं खरवडून आणलंय."