पालकाची सही

चोवीस वर्षं फौजेत काढून नेसरीला परतलेल्या हवालदार जोतीराम चौगलेंनी बेचाळिसाव्या वर्षी कोल्हापुरातल्या मिशनच्या कॉलेजात बी.ए.चा फॉर्म भरला. फॉर्मसोबत हमीपत्र होतं. रोज सकाळच्या प्रार्थनेला हजर राहीन, वर्गात शिस्त पाळीन. खाली पालकाची सही.

“अवो, मीच दोन पोरांचा पालक हाय,” जोतीराम म्हणाले.

“तुमचं कोण आहे?” क्लार्कनं मान वर न करता विचारलं.

“आई हाय.”

“मग आणा त्यांना. नियम सगळ्यांना सारखा.”

नियमाशी हुज्जत घालायची सवय फौजेनं कधीच मोडली होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं ते आईला, आक्काताईंना, घेऊन हजर झाले. क्लार्कनं हमीपत्र वाचून दाखवलं आणि शाईचं पॅड आक्काताईंपुढं सरकवलं.

“सही येत नसली तरी चालतंय, आजी. फॉर्मवरच्या तारखा बघता, भरती झाले तेव्हा हे अठराचेसुद्धा नव्हते. फौजेच्या कागदावर तुम्ही संमतीचा अंगठा दिला असणार की. तसाच इथं द्या.”

जोतीराम उगीचच सावधानमध्ये उभे राहिले.

आक्काताईंनी अंगठा नीट दाबून उठवला. मग पदराला पुसत म्हणाल्या,



“त्यो कागद मी बघितलाबी न्हाय, बाळा. त्या दिशी निळा अंगठा घिऊन ह्योच घरला आलता.”