मुहूर्ताचं सॉफ्टवेअर

“झालंय तयार. सोडूया आजच,” हेरंब म्हणाला आणि मला शंका आली. सलाइनमधून पेशंटला औषध किती जायचं, ते ठरवणारं आमचं सॉफ्टवेअर त्यानंच लिहिलेलं. कालपर्यंत तो प्रत्येक मीटिंगमध्ये सरांशी भांडत होता, “अजून डोस चुकतोय, तारीख पुढे ढकला.” तपासायचं काम माझं. रात्रीतून त्यानं असं काय दुरुस्त केलं, ते मला कुठंच दिसत नव्हतं.

सर मात्र खूश होते. दसऱ्याचा मुहूर्त त्यांनी केव्हाच जाहीर केला होता. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालून ते नारळ घेऊन उभेच होते. “बघा, तारीख पक्की केली की कामं बरोबर होतात! आणि पहिल्यांदा कुठं बसवतोय? हेरंबची आई ॲडमिट आहे त्याच हॉस्पिटलात. याहून मोठी गॅरंटी काय हवी?”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेरंब नुसता हाराकडे बघत राहिला. मी त्याला बाजूला घेतलं.

“काकू कशा आहेत रे?”

“बरी आहे. सकाळीच दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं तिला.”

“का? तिथले डॉक्टर चांगले नव्हते?”

“डॉक्टर चांगलेच आहेत गं,” तो खाली मान घालून म्हणाला.

मी तशीच सरांकडे गेले आणि त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला.