पाचवं गणित

"मीही बसतो," मास्तर म्हणाले.

सुनेनं लॅपटॉपवरून मान वर केली. "कुठं, बाबा?"

"परीक्षेला. तुझ्याबरोबर. म्हणजे, चालत असेल तर."

मुलगा ओट्याशी कांदा चिरत होता. तो सुरी घेऊनच बाहेर आला. "या वयात एमबीए? आधी त्या गुडघ्यांना विचारा."

"मला काही करायचं नाही रे. हिचं कुठं अडतं ते बघायचंय."

अडत होतं हे खरं. सून औषधांच्या गोदामात माल रवाना करायचं काम बघायची आणि तिला बिझनेस स्कूलला जायचं होतं. प्रवेश परीक्षेतली भाषा तिच्या हातचा मळ. गणितात मात्र गाडी पन्नाशीपाशी रुतून बसलेली. सासऱ्यांसमोर सोडवलेलं एकही गणित ती चुकत नसे, आणि सरावपरीक्षा दिली की गुण पुन्हा तेवढेच. आपल्याच शिकवण्यात खोट असणार, असं मास्तरांच्या मनानं घेतलं होतं. त्यात साहेबांनी तिला गोदामप्रमुखाची जागा देऊ केली. आज संध्याकाळच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. ती जागा घेतली की अभ्यास संपला. आजच्या सरावात सत्तर पडले तर परीक्षा, नाही तर गोदाम, असं तिनं सकाळी चहा घेतानाच जाहीर करून टाकलं होतं.

मुलानं आपला लॅपटॉप वडिलांपुढं ठेवला आणि फोनवर वेळ लावली. "बोलायचं नाही. एकमेकांचं बघायचं नाही. नाही तर दोघांनाही कोपऱ्यात उभं करीन. मला केलं होतंत तसं."

परीक्षा सुरू झाली.

पहिली चार गणितं मास्तरांनी हसत हसत सोडवली. पाचवं उघडलं आणि ते खुर्चीत पुढं सरकले. चौकोनात एक वर्तुळ, त्या वर्तुळात तिरका बसवलेला त्रिकोण. त्यांनी कागदावर आकृती काढली. एक बाजू मांडली, खोडली, दुसरीकडून गेले. उत्तर अगदी दाराशी येऊन उभं होतं, आत तेवढं येत नव्हतं. किती वर्षांत असं गणित भेटलं नव्हतं! त्यांनी चष्मा पुसला आणि नवा कागद घेतला.

चष्मा लावताना नजर घड्याळाकडं गेली. जवळजवळ निम्मा वेळ संपला होता.

त्यांनी हळूच समोर पाहिलं. सून ओठ चावत कागदावर वाकली होती. कागदावर चौकोन, चौकोनात वर्तुळ, वर्तुळात तिरका त्रिकोण. शेजारी खोडलेली तीच बाजू.

हातात घेतलेलं गणित अर्धं टाकायचं नाही, हे तिला रोज कोण सांगत होतं?

"अगं," ते कुजबुजले, "सोड ते."

"मास्तर, बोलायचं नाही," मुलगा म्हणाला.

"येतंय, बाबा," ती वर न बघता म्हणाली. "आता येईलच."

"मलाही आता येईलच. म्हणूनच सांगतोय, सोड."

तिनं मान वर केली. "तुम्हीच म्हणता ना, अर्धं टाकायचं नाही म्हणून?"

"ते शाळेत. शाळेत मागं कुणी लागलेलं नसतं. पुढची सतरा तुझी वाट बघतायत, त्यांतली निम्मी तर सोपी असतील. जे आडवं येईल त्याला ओलांडून जा. जा, पळ."

सून क्षणभर त्या वर्तुळाकडं बघत राहिली. मग तिनं कागद उलटा केला.

माउसचा आवाज सुरू झाला. आधी थांबत थांबत, मग भरभर. एक गणित वाचलं, मान हलवली, पुढं. दुसरं वाचलं, दोन ओळी खरडल्या, उत्तर, पुढं. तिचा पाय टेबलाखाली ताल धरू लागला. मुलगा कांदा कढईत टाकून आला आणि सुरी हातातच धरून तिच्या मागं उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. कढईतला कांदा करपल्याचा वास आला, तरी कुणी हललं नाही.

फोन वाजला. वेळ संपली.

पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. सुनेनं डोळे मिटून घेतले. "तू वाच."

"एकाहत्तर," मुलगा म्हणाला, आणि मग घर डोक्यावर घेत पुन्हा, "एकाहत्तर!"

ती खुर्ची मागं ढकलून उठली, नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, खोलीत एक फेरी घातली. मग थांबली. "बाबा, तुमचे?"

मास्तरांनी पडद्यावर हात ठेवला होता. तिनं तो हळूच बाजूला केला. पहिली पाच बरोबर. पुढं सगळं कोरं.

"नापास," मुलगा म्हणाला. "उद्या पालकांना घेऊन या."

मास्तर कानापर्यंत लाल झाले, पण त्यांचं हसू काही आवरेना. "पाचवं सुटलं," ते म्हणाले. "शेवटच्या मिनिटाला. साधी एक रेघ ओढायची होती गं."

सुनेनं साहेबांचा नंबर लावला. जागा नको म्हणून आत्ताच सांगून टाकायचं होतं. पलीकडे घंटी वाजत होती. तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि आपली खुर्ची ओढत सासऱ्यांच्या बाजूला नेली.

"कुठून ओढलीत?"

"सांगत नाही. तूच बघ."

दोन डोकी एका कागदावर वाकली. टेबलावरच्या फोनमधून साहेब "हॅलो, हॅलो" करत होते.